अकरा वर्षांनी पुन्हा कार्टमध्ये: नियमपुस्तकापासून पहिल्या फायनलपर्यंतचे बावीस आठवडे

अकरा वर्षांनी गो-कार्टच्या, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांच्या, शर्यतीत परतायचं होतं. शर्यतीचा दिवस आधी ठरवला आणि तिथून मागे मोजत आले. बावीस आठवडे हातात होते. ते पुरले, पण जेमतेम. आठवड्यांच्या क्रमानेच लिहिते आहे, कारण मोठ्या खंडानंतर परतणाऱ्याची खरी अडचण वेगाची नसते. कुठलं काम किती आधी हातात घ्यायचं, हेच कळत नाही.

पहिल्या आठवड्यात कार्टवरचं कापडसुद्धा काढलं नाही. आधी नियमपुस्तक वाचलं. अकरा वर्षांत शर्यतींचे गट बदलतात. मी थांबले तेव्हा आंतरराष्ट्रीय पातळीवर केएफ नावाच्या इंजिनांचे गट होते; २०१६पासून त्यांच्या जागी ओके आले, ज्यांत क्लच नाही आणि स्टार्टरही नाही. क्लबच्या शर्यतींत तर एखादा गट गाड्या कमी पडल्या म्हणून गुपचूप बंद झालेला असतो. म्हणून पहिला प्रश्न असा: माझं इंजिन ज्या गटात बसतं, त्या गटात यंदा किती जण उतरतात? दुसरा: त्या गटाचं किमान वजन किती? प्रौढांच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक गटांत चालक आणि कार्ट मिळून ते १६० किलोच्या आसपास असतं, आणि तयार कार्टच ७५ ते ८५ किलो भरते. हेल्मेट, सूट, बूट घालून वजनकाट्यावर उभं राहा आणि बेरीज करा. दहा किलो जास्त भरत असाल तर हलक्या गटात कितीही पैसा ओतला तरी सरळ रस्त्यावर मागेच राहाल. तेव्हा जड गट आहे का ते पाहा.

त्याच संध्याकाळी सुरक्षासाहित्याचे शिक्के तपासले, आणि मन खट्टू झालं. हेल्मेट दिसायला नवं होतं, पण आतल्या लेबलवरचं मानक क्लबच्या यादीतून कधीच बाद झालेलं. हेल्मेटांची मानकं ठरवणारी स्नेल संस्था हेल्मेट ५ वर्षांनी बदलायला सांगते. कार्टिंगसाठीच्या हेल्मेटवर के हे अक्षर असतं. मोटारींसाठीच्या एसए हेल्मेटपेक्षा फरक इतकाच, की के हेल्मेटच्या अस्तराला आगीची चाचणी लागत नाही. एम अक्षराचं मोटरसायकलचं हेल्मेट बहुतेक ठिकाणी चालत नाही. कार्टचा सूटही आगीसाठी नसून रस्त्यावर घासण्यासाठी असतो. त्याचं मानक कॉलरवर शिवलेलं असतं आणि सध्याचं आहे एफआयएचं (मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचं) ८८७७-२०२२. बरगड्यांच्या संरक्षकासाठी आता वेगळं मानक आहे, ८८७०-२०१८. माझ्या काळी बरगडीचं जाकीट ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. ते कुठे सक्तीचं असो वा नसो, परतणाऱ्याने याविना एक फेरीही मारू नये. कारण पुढे येतंच.

दुसऱ्या आठवड्यात शर्यतीच्या लायसन्सचा अर्ज. जुनं लायसन्स संपून बरीच वर्षं झाली की नूतनीकरण होत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. मला लागलेली कागदपत्रं: ओळखपत्र, फोटो, डॉक्टरांनी सही-शिक्क्यासह भरलेला, लायसन्स देणाऱ्या संघटनेचाच छापील नमुना, दृष्टी तपासणी आणि रक्तगट. डॉक्टरांनी स्वतःच्या लेटरहेडवर दिलेला दाखला परत आला आणि त्यात नऊ दिवस गेले. नमुना आधी डाउनलोड करून, छापूनच दवाखान्यात जा. जुने निकाल किंवा जुनं लायसन्स जपून ठेवलं असेल तर त्याची प्रत जोडा. काही संघटना त्यावर नवोदिताच्या काही अटी शिथिल करतात. माझ्या बाबतीत केल्या नाहीत. पहिल्या काही शर्यती नवोदिताच्या पाटीसह आणि ग्रिडच्या (सुरुवातीच्या रांगांच्या) शेवटून सुरुवात, असं उत्तर आलं. वाचताना वाईट वाटलं. मे महिन्यात प्रत्यक्ष ट्रॅकवर गेल्यावर ते किती योग्य होतं हे पटलं. अर्ज ते लायसन्स: एकूण पाच आठवडे.

या पाच आठवड्यांत चॅसिस, म्हणजे कार्टचा नळ्यांचा सांगाडा, उघडली, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा असं माझं ठाम मत आहे. लोक इंजिनापासून सुरू करतात. पण कार्टला सस्पेन्शन नाही, आणि मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियलही नाही. वळताना आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं तरच ती वळते, आणि ते उचलण्याचं काम पुढच्या चाकांची भूमिती आणि चॅसिसचा पीळ मिळून करतात. चॅसिस वाकलेली असेल तर इंजिन कितीही ताजं असो, कार्ट एका बाजूला वळेल आणि दुसऱ्या बाजूला नाही.

सगळं उतरवून नळ्या केरोसीनने पुसल्या. जोडाच्या ठिकाणी, विशेषतः सीटच्या टेकूपाशी, बेअरिंगच्या पट्टीपाशी आणि पुढे स्टीअरिंगच्या आधारापाशी, केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा असतो. रंगाखाली तो लपतो, म्हणून रंगाचा पोपडा निघालेली प्रत्येक जागा खरवडून पाहायची. मग खालची बाजू. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर) घासून नळ्या चपट्या होतात. ३० मिलिमीटरच्या नळीची भिंत साधारण २ मिलिमीटरची; व्हर्नियरने माप २९ आलं तर त्या जागी निम्मी भिंत गेली. माझी सर्वांत वाईट जागा २९.४ निघाली, म्हणजे अजून चालण्यासारखी. चॅसिस वाकली आहे का हे तपासायला ती चॅसिसवाल्याच्या टेबलावरच न्यावी लागते, घरच्या फरशीवर कळत नाही. तिथे आठवडाभर थांबावं लागलं. हंगामाच्या तोंडावर गेलात तर तीन आठवडेही लागतील.

ॲक्सल (मागची चाकं जोडणारा दांडा) स्टँडवर फिरवून पाहिला. हबजवळ, म्हणजे चाक बसतं त्या भागाजवळ, एक स्थिर टोक धरायचं आणि अंतर बदलतं का ते बघायचं. डायल गेज असेल तर उत्तमच. ॲक्सल जरासा वाकडा असला तरी चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली होते, आणि शेवटी तुटते. बेअरिंगमधले ग्रब स्क्रू (ॲक्सल पकडणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) फार आवळले की आतली कडी तडकते, कमी आवळले की ॲक्सल सरकतो. छोट्या ॲलन कीने हाताच्या जोरावर गच्च करायचे, पाइप लावून नाही, आणि प्रत्येक सत्रानंतर पुन्हा पाहायचे. पुढच्या चाकांची छोटी बेअरिंगं गंजलेली होती. ती धुवून वापरण्याचा मोह टाळला, नवी घातली. सगळे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) फेकले. एकदा उघडलेला नायलॉक पुन्हा वापरायचा नाही, आणि नटाबाहेर बोल्टचे दोन आटे तरी दिसले पाहिजेत, नाहीतर तपासणीतच परत पाठवतात.

ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं. अकरा वर्षांचं तेल चहाच्या रंगाचं झालं होतं आणि मास्टर सिलिंडरच्या आत गंजाचे ठिपके पडले होते. सगळे सील बदलले. काही ब्रेकना डॉट ४ प्रतीचं तेल लागतं, काहींना डॉट ५.१, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांत कधीच घालायचं नाही. ब्रेक पेडलची दुसरी सुरक्षा केबलही नवी घेतली. जुनी प्लॅस्टिकच्या आवरणाखाली गंजून निम्मी तुटली होती आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

आठव्या आठवड्यात इंजिन. रोटॅक्स मॅक्ससारखं इंजिन सीलबंद असतं, त्याचं पासबुक असतं आणि ते अधिकृत केंद्रातच उघडावं लागतं. सील स्वतः तोडलंत तर ते स्पर्धेतून बाद. इतर इंजिनं आपण उघडू शकतो. बंद पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकचा खरा शत्रू म्हणजे क्रँकचे ऑईल सील. ते सुकून कडक होतात, क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि लांब सरळ रस्त्याच्या टोकाला पिस्टन जाम होतो. गंमत अशी की, स्टँडवर इंजिन अगदी छान सुरू होतं. म्हणून ‘किक मारली, लगेच सुरू झालं’ यावर विसंबून ट्रॅकवर जाऊ नका. सील, क्रँकची बेअरिंगं, पिस्टन, रिंग, वरचं छोटं रोलर बेअरिंग, रीडच्या पट्ट्या आणि कार्बोरेटरचा डायफ्राम व गास्केटं, सगळं एकदम बदललं. पेट्रोलची नळी आणि फिल्टरही. इंजिनाचा हा खर्च माझ्या पूर्ण यादीत पहिल्या क्रमांकाचा, टायर दुसऱ्या, सुरक्षासाहित्य तिसऱ्या. लायसन्स आणि प्रवेश शुल्क मिळून टायरच्या दोन संचांपेक्षा कमी भरलं.

तेलाचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्या, आठवणीवर जाऊ नका. २ टक्के म्हणजे ५ लिटर पेट्रोलमध्ये १०० मिलिलिटर, ४ टक्के म्हणजे २००. दोन्ही प्रकारची इंजिनं ट्रॅकवर असतात आणि पॅडॉकमध्ये शेजाऱ्याचा कॅन उसना घेताना घोळ होतो. कॅनवर टक्केवारी आणि तारीख मार्करने लिहा. रेडिएटरमध्ये साधं पाणीच. शीतक रसायन ट्रॅकवर सांडलं की पुसता पुसत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी त्याला बंदी असते. अर्थात साधं पाणी असल्यामुळे हंगाम संपला की ते काढून टाकावं लागतं. मी अकरा वर्षांपूर्वी काढलं नव्हतं, आणि पंपाचा पंखा गंजून अडकला होता.

अकराव्या आठवड्यात सीट. जुन्या सीटमध्ये बसले तर मांड्या आत गेल्या, कंबर मात्र अडकली. वय वाढलं की वजन त्याच जागी राहत नाही. घट्ट सीट बरगडी मोडते आणि सैल सीटही मोडते, कारण सैल सीटमध्ये शरीर प्रत्येक वळणाला कडेवर आपटतं. बरगडीचं जाकीट घालूनच माप घ्यायचं, आणि हाताचा पंजा बरगडी आणि सीटच्या मधे जेमतेम सरकला पाहिजे. बसवताना सीटचा टेकू आणि सीट यांच्यात फट उरली तर तिथे वॉशर भरायचे. बोल्ट आवळून सीट टेकूकडे ओढायची नाही. ओढलेली सीट चॅसिसला कायमचा ताण देते, आणि मग कार्ट का उड्या मारते आहे ते शोधण्यात महिना जातो. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, पूर्ण पोशाखात, हात स्टीअरिंगवर ठेवून, पुढे साधारण ४३ टक्के आणि मागे ५७ टक्के यावेत. १६० किलोला म्हणजे पुढे सुमारे ६९ आणि मागे ९१. भोकं पाडण्याआधी सीट क्लॅम्पने धरून दोनदा मोजा. वजनाची शिशाची पट्टी लावायची असेल तर किमान दोन बोल्ट, ६ मिलिमीटर किंवा जाड, आणि मोठे वॉशर. पुढच्या चाकांचं टोही (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) चालक बसलेला असतानाच मोजायचं, कारण बसल्यावर चॅसिस खाली दबते आणि आकडा बदलतो. कोरड्यासाठी शून्य ते २ मिलिमीटर टो-आऊट, म्हणजे तोंडं बाहेर, ही चांगली सुरुवात.

शरीराची तयारी पहिल्या आठवड्यापासूनच चालू होती. कार्टमध्ये मान, पुढचे हात आणि बरगड्या सर्वांत आधी हार मानतात. मानेसाठी रबरी पट्टा चारही दिशांना ताणून २० ते ३० सेकंद धरायचा, आठवड्यातून तीन दिवस. हातांसाठी ओला टॉवेल पिळणं मला कुठल्याही उपकरणापेक्षा उपयोगी पडलं. आणि दम टिकण्यासाठी सायकल.

पहिला सराव तेराव्या आठवड्यात. पिट लेनमधून बाहेर पडताना दोन्ही पाय थरथरत होते, हे सांगायला हवं. तसं झालं तर घाबरू नका, तिसऱ्या फेरीला थांबतं. पाच-पाच मिनिटांची चार सत्रं, मधे अर्धा तास विश्रांती, यापेक्षा जास्त पहिल्या दिवशी करू नये. नव्या पिस्टनसाठीही हेच बरं: पहिली २०-३० मिनिटं मिश्रण थोडं गडद (पेट्रोल जरा जास्त), ॲक्सिलरेटरचं पेडल सतत वर-खाली, एका आरपीएमवर रेंगाळायचं नाही. दुसऱ्याच सत्रात हात सुजल्यासारखे घट्ट झाले. कारण भीती. घाबरलेला माणूस स्टीअरिंग आवळतो. सरळ रस्त्यावर बोटं मुद्दाम सैल करून पुन्हा धरायची, दर फेरीला. ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर असतो, त्यामुळे वळता वळता जोरात दाबला की मागची दोन्ही चाकं एकदम अडकतात आणि कार्ट गर्रकन फिरते. सुरुवातीचे दिवस ब्रेक सरळ रेषेतच पूर्ण करा, मग हळूहळू वळणात न्या. आणि वळताना आत झुकायची सवय असेल तर सोडा. शरीर सरळ ठेवलं तर भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि आतलं चाक उचलायला मदत होते. त्या दिवशी रात्री डावी बरगडी दुखायला लागली, जाकीट असूनही. तपासून घेतली, मोडली नव्हती, पण दोन आठवडे सराव बंद. बरगडीचं दुखणं सहन करत चालवलं तर दोन आठवड्यांचे दोन महिने होतात, म्हणून थांबले.

टायरबाबत एकच: जुने टायर कितीही जपून ठेवलेले असोत, रबर कडक झालेलं असतं. त्यांच्यावर पहिला सराव ठीक, पण सेटअप ठरवायला ते निरुपयोगी. नव्या संचावर बसल्यावर मी आधी केलेले सगळे बदल उलटे निघाले. टायर थंड असताना हवा ०.६५ बार भरली आणि सत्रानंतर लगेच मोजली: ०.८७. हा दुसरा आकडा वहीत लिहायचा, पहिला नाही, कारण सकाळी आणि दुपारी तोच गरम आकडा मिळवण्यासाठी थंड टायरमध्ये हवा वेगवेगळी भरावी लागते. मोजमापक कमी दाबाचा घ्या; मोटारीच्या टायरचा इथे काही कामाचा नाही.

पंधराव्या ते एकोणिसाव्या आठवड्यात एका वेळी एकच बदल, हा नियम पाळला. मागची पकड कमी वाटली तर मागची चाकं जवळ आणायची. पकड जास्त होऊन कार्ट वळणात उड्या मारायला लागली तर दूर. एका वेळी प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर. एकूण रुंदीची नियमातली कमाल मर्यादा, बहुतेक गटांत १४०० मिलिमीटर, टेपने तपासायची. स्प्रॉकेटचं (चेनच्या दातेरी चाकाचं) गणित सोपं आहे: पुढे १२ दात, मागे ८० म्हणजे ६.६७, मागे ८२ केले की ६.८३, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे अडीच टक्के जास्त फिरतं, १४,०००ला साडेतीनशे आरपीएम. परतणाऱ्याने मोठ्या स्प्रॉकेटकडे झुकलेलं बरं. वळणात वेग कमी राहतो, त्यामुळे बाहेर पडताना इंजिन खाली दबतं. चालवणं सुधारलं की दोन दात कमी करायचे.

विसाव्या आठवड्यात झेंड्यांची उजळणी आणि लेखी परीक्षा. केशरी ठिपक्याचा काळा झेंडा, म्हणजे तुमच्या कार्टमध्ये बिघाड आहे, आत या, हा लोक विसरतात. ट्रान्सपॉन्डरही (फेऱ्यांची वेळ नोंदवणारं कार्टवरचं यंत्र) याच आठवड्यात बघा. आताचे अनेक ट्रान्सपॉन्डर सदस्यत्वावर चालतात. ते संपलेलं असेल तर चार्ज करूनही वेळ नोंदली जात नाही. सीटच्या मागे लावा, खाली ट्रॅक दिसेल असं, धातू किंवा कार्बन मधे न येता.

शर्यतीच्या दिवशी फाटक उघडण्याआधी अर्धा तास पोचले. आधी नोंदणीच्या खिडकीवर सही, मग तांत्रिक तपासणी, मग चालकांची सभा; सभेला गैरहजर राहिलं तर दंड असतो. तपासणीत माझी कार्ट एकदा परत आली: सायलेन्सरच्या स्प्रिंगांना सुरक्षा तार नव्हती. हे पाच मिनिटांचं काम, पण तार पेटीत असेल तरच. सभेत पुढच्या नाकाबद्दल बजावून सांगितलं. मी थांबले तेव्हा पुढचं प्लॅस्टिक घट्ट बसवलेलं असे. आता ते अशा क्लॅम्पवर असतं की पुढच्याला धडकलं की आत सरकतं, आणि सरकलेलं नाक घेऊन फायनल संपवली की वेळेचा दंड, बहुतेक ठिकाणी ५ सेकंद. म्हणजे धक्का देऊन जागा मिळवण्याचे दिवस गेले. मला हा बदल मनापासून आवडला.

हीटमध्ये (फायनलआधीच्या छोट्या शर्यतीत) शेवटून सुरुवात. रोलिंग स्टार्टला, म्हणजे चालत्या कार्टनी होणाऱ्या सुरुवातीला, दोन रांगांत आपली पट्टी सोडायची नाही आणि दिवे विझेपर्यंत पुढच्याच्या मागच्या बंपरला चिकटून राहायचं, पण ढकलायचं नाही. पहिल्या वळणावर बाहेरची बाजू रिकामी दिसते आणि मोह होतो. आतला कोणीतरी घसरत बाहेरच येतो. मी आत राहिले. फायनलमध्ये चोविसांत सतरावी.

झेंडा पडल्यावर थेट पार्क फर्मे (शर्यतीनंतर तपासणीसाठी कार्ट ठेवायची बंद जागा), तिथे कोणी हात लावायचा नाही, काट्यावर जाईपर्यंत कोणाकडून पाण्याची बाटलीही घ्यायची नाही. माझं एकूण वजन किमानापेक्षा १.३ किलो जास्त भरलं. पेट्रोल जळतं, टायर झिजतो, घाम जातो. एक ते दीड किलो हाताशी ठेवूनच सकाळी वजन लावायचं.

घरी पोचल्यावर झोपण्याआधी रेडिएटरचं पाणी काढलं, चेन उतरवून तेलात टाकली, टायरची हवा कमी करून काळ्या पिशवीत बांधले, कार्बोरेटरमधलं पेट्रोल रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी सीटच्या खालचे चार बोल्ट तपासले तर एक अर्धा आटा ढिला झाला होता. त्याच्यावर मार्करची खूण केली आहे, पुढच्या शर्यतीपर्यंत तो पुन्हा हलतो का पाहायचं आहे.